आजी-आजोबांसाठी लॉगिन करताना

इंदूरच्या आपल्या मंडळाचं ॲप करतोयस, झकास! आधी पासवर्डमधली 'एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह' ही सक्ती काढ. अमेरिकेच्या एनआयएसटी या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही 2017 मध्ये ती नको म्हटलंय. लांबी महत्त्वाची. ॲपनेच पासवर्ड म्हणून चार असंबद्ध शब्द निवडून द्यावेत: छत्री, लोणचं, राजवाडा, चिमणी. (हेच ठेवू नकोस, आता सगळ्यांनी वाचलेत.) स्वतः निवडायला सांगितलंस की नातवाचं नाव आलंच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- ओटीपीला जेमतेम 30 सेकंद. काकूंना चष्मा सापडेपर्यंत संपले!
- फक्त बोटाचा ठसा. उतारवयात रेषा पुसट होतात, दुसरी वाट ठेवच.

पासवर्ड वहीत लिहिला तर लिहू देत. वही कपाटात हवी, मोबाइलच्या कव्हरात नको. चित्रांचे पासवर्ड पुढे बघू. आधी दोन-चार आज्यांना लॉगिन करताना बघ, आणि मधे बोलू नकोस.