नडगी दुखतेय? आधी अंगठा फिरवून बघ

अरे, नडगी दुखते म्हणतोस, आणि दोन आठवड्यांत शून्यावरून रोज 5 किलोमीटर धावायला लागलास, तेही कॉलेजातल्या कॅनव्हासच्या बुटांत? मग नडगी कुरकुरणारच. दम लवकर वाढतो, हाडाला मात्र वेळ लागतो. सगळे नवखे इथेच फसतात. मीही फसलो होतो, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा.

आधी एक कर. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्यापासून वर ने. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा ठणकत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीच्या हाडालगत होणारं दुखणं. पण रुपयाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्यापडल्याही दुखत असेल, तर धावणं बंद आणि थेट हाडांचे डॉक्टर. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती सुरुवातीच्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही.

नुसता पट्टा दुखत असेल तर काही दिवस सायकल चालव. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं. नडगी रगडून घेऊ नकोस, आजी कितीही म्हणाली तरी! ठणका ओसरला की पायरीच्या कडेवर उभा राहून टाचा वर-खाली, 15 वेळा, असं तीनदा. परत सुरू करताना एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, तेही दिवसाआड. पावलं छोटी टाक. आणि ते कॉलेजातले कॅनव्हासचे बूट आता भाजी आणायला वापर.