स्वतःची गाणी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गायकाचं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं? त्यासाठी नोकरी सोडावी का?

तुम्ही गाणी स्वतः लिहिता, चालीही लावता आणि आता ती घेऊन फिरायचं म्हणता, म्हणून सविस्तर लिहिते. मी भीमगीतं लिहिते आणि गाते. नाशिकपासून नांदेड-यवतमाळपर्यंत आमची पार्टी फिरते. कॅफेत गिटार घेऊन गाणाऱ्यांचं गणित वेगळं असणार, मला फक्त आमचंच सांगता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे आमचा धंदा मोसमी आहे. ११ एप्रिलला फुले जयंती, १४ ला भीमजयंती. पण प्रत्येक गावात जयंती १४ तारखेलाच साजरी होते असं नाही. वर्गणी जमली, मनासारखी पार्टी मिळाली, शेजारच्या गावाची तारीख आड आली नाही, की मग कार्यक्रम. त्यामुळे बुद्धपौर्णिमा धरून पार मृगाच्या पावसापर्यंत जयंत्या चालतात. वर्षाची कमाई याच दिवसांत होते. पुढे १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती, दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिन, १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन, ७ फेब्रुवारीला रमाई जयंती, असं तुटक काम मिळतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो, तेव्हा मात्र सुपारी, म्हणजे पैसे ठरवून घेतलेला कार्यक्रम, नसते. पावसाळ्यात नवी गाणी लिहून होतात आणि उसनवारीही तेव्हाच होते.

सुपारी ठरली की आधी इसार. तो हातात पडल्याशिवाय तारीख वहीत लिहायची नाही, समोर सख्खा मावसभाऊ असला तरी. ठरलेल्या रकमेतून गाडी-डिझेल निघतं, मग ढोलकी, बेंजो, ऑर्गन, पॅडवाल्यांची नाइट, म्हणजे एका रात्रीचे पैसे, मग कोरस. उरलं तर ते आपलं. वर बक्षिसं असतात. कडव्याच्या मधेच कुणीतरी दहाची नाहीतर शंभराची नोट घेऊन मंचापाशी येतं आणि त्याचं नाव माइकवरून पुकारावं लागतं. नवख्यांना वाटतं, गाण्याचा खेळ झाला. मी आता गाणं बांधतानाच दर कडव्यानंतर ध्रुवपद दोनदा कोरसकडे देते, तेवढ्यात नावं घेऊन होतात. घरी लिहिलेलं पाच कडव्यांचं गाणं चार गावं फिरून आलं की तीन कडव्यांचं होतं. जिथे पोरं मोबाइल बाहेर काढतात, ते कडवं गेलंच म्हणून समजा! माझी बरी गाणी अशीच कापली जाऊन बरी झालीत.

घशाचं काय होतं ते आधीच ऐकून ठेवा. एप्रिलच्या सुरुवातीला मी काळी चार पट्टीत गाते, मे अर्धा सरला की त्याखालची पांढरी पाच, कधी त्याहून खालची काळी तीन. बेंजोवाला न सांगता पट्टी उतरवतो, त्याला माझ्या खोकल्यावरून कळतं. धूळ, जागरण आणि आग्रहाने पुढे केलेलं बर्फाचं सरबत, यात सरबत सगळ्यात वाईट, कारण नाही म्हणता येत नाही.

रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा हा नियम आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट मिळू शकते, त्यात १४ एप्रिल बहुधा असतो. पण तुमची जयंती २० मेला असेल तर दहा म्हणजे दहा. मिरवणूक लांबते, पाहुण्यांची भाषणं लांबतात आणि नऊला माइक हातात येतो. तासाभरात मावतील एवढी गाणी वेगळी काढून ठेवलेली असावीत. बिदागी मात्र पूर्ण कार्यक्रमाची ठरली होती की तासाची, यावर वाद होतो, म्हणून तेही इसाराच्या वेळीच बोलून घ्यावं. बाई म्हणून मी आणखी एक गोष्ट तेव्हाच विचारते, संडास कुठे आहे? यावर समोरचा गडबडला की समजावं, आम्हाला कपडे बदलायलाही जागा नसणार.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हापासून विदर्भातल्या सुपाऱ्या परवडतात. पण त्या सरळसोट रस्त्यावर रात्री डोळा लागतो. आमचा ड्रायव्हर कार्यक्रम ऐकत नाही, तेवढा वेळ गाडीत झोपतो. परतीला त्याच्याशेजारी कोरसमधलं एकजण जागं बसतं. यात तडजोड नाही.

आता लिहिणाऱ्याचं खास दुखणं. तुमचं गाणं तुमच्याआधी गावात पोचलेलं असतं, दुसऱ्याच्या आवाजात आणि बरेचदा दुसऱ्याच्या नावावर. यावर जुन्यांनी उपाय करून ठेवलाय. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव गात फिरले. त्यांच्या गाण्यांत शेवटाला ‘वामन’ येतो, त्यामुळे कुणीही गायलं तरी गाणं कुणाचं ते ऐकणाऱ्याला कळतं. तुम्हीही नाव गुंफा, पण ते यमकात बसवा. नुसतं ओळीत ठेवलेलं नाव कुणीही बदलून टाकतो, यमकातलं काढलं तर कडवंच मोडतं. दुसरं, सिनेमाच्या चालीवर गाणं बांधलं तर मंचावर टाळ्या लगेच मिळतात, पण यूट्यूबवर टाकलं की चालीचे मालक दावा लावतात आणि उत्पन्न त्यांच्याकडे जातं. चाल स्वतःची असू द्या. एखाद्या कंपनीला गाणं देताना २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती वाचा किंवा वाचून घ्या. त्या गाण्याच्या पुढच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकाराला कंपनीच्या नावे लिहून देताच येत नाही. करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापलेलं असतं, त्याला घाबरून गप्प बसू नका.

नोकरीचं म्हणाल तर आत्ता सोडू नका. एप्रिल-मेची रजा साठवा आणि एखाद्या चालत्या पार्टीत कोरसला जा. त्यांना गोड गळ्यापेक्षा रात्री दोनला सामान उचलू लागणारा माणूस हवा असतो, तेव्हा जागा मिळेल. आठ-दहा रात्री झाल्या की पार्टीप्रमुखाकडे स्वतःचं एक गाणं मागा. ते सुरुवातीला देतील, मंडपात माणसं अजून खुर्च्या लावत असताना. तरी घ्या.