वाचकांचे प्रश्न: गावचं मंडळ आणि माळ्यावरचं दप्तर

प्रश्न: आमच्या गावात दोन-तीन घरांत मोडीचे जुने कागद आहेत, सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) कातळशिल्पं आहेत. इतिहास अभ्यास मंडळ काढायचं ठरतंय. सुरुवात कार्यालयाच्या जागेपासून करावी की नोंदणीपासून?
(एक वाचक, राजापूर तालुका)

उत्तर: दोन्ही नको, नोंदवहीपासून करा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं मूळ असलेली लिटररी सोसायटी १८०४ साली जेम्स मॅकिन्टॉश यांच्या परळच्या राहत्या घरी भरली. टाऊन हॉल पुरा झाला १८३३ मध्ये. जागेवाचून काम अडत नाही, नोंदीवाचून अडतं.

मोठी वही घ्या, सुटे कागद नकोत. रकाने असे आखा: अनुक्रमांक, मिळाल्याची तारीख, देणाऱ्याचं नाव, कुठल्या घरात आणि घरात नेमकं कुठे होतं, पानं किती, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, लिपी, आजची स्थिती, छायाचित्राचा क्रमांक. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: देणगी की ठेव? त्यापुढे देणाऱ्याची सही. हा रकाना कोरा राहिला की दहा वर्षांनी पुतणे कागद परत मागायला येतात आणि मंडळात दोन तट पडतात. क्रमांक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने घालावा, बॉलपेनने कधीच नाही.

सोपाऱ्याच्या (आजचं नालासोपारा) स्तूपात पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सापडलेला अवशेषांचा करंड आज एशियाटिककडे आहे. तो कुठून निघाला हे लिहिलेलं नसतं, तर ते नुसतं एक जुनं भांडं ठरलं असतं.

नोंदणीला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद करावी लागते. काम जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होतं. उद्देशपत्र, नियमावली, सातही जणांचे पत्ते-व्यवसाय-सह्या आणि जागामालकाचं संमतिपत्र तयार ठेवा. खरी गफलत पुढे होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की दप्तरी जुनीच नावं चालू राहतात आणि बँकेत नव्या अध्यक्षांची सही चालत नाही.

कातळशिल्पांच्या रेषा फोटोसाठी खडूने किंवा चुन्याने भरू नका. जांभा सच्छिद्र असतो, भरलेलं पुरतं निघत नाही. मऊ केरसुणीने माती झाडा, शेजारी मोजपट्टी आणि उत्तर दाखवणारा बाण ठेवा आणि सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना फोटो घ्या. दुपारी डोक्यावरच्या उन्हात रेषा दिसतच नाहीत.

प्रश्न: पावसात माळ्यावरच्या पेटीला ओल आली. मोडी कागद एकमेकांना चिकटून गठ्ठा झालाय, वर बुरशी आहे, कसरही दिसते. उन्हात घालू का?
(एक वाचक, देवगड)

उत्तर: उन्हात नको आणि ओढून सोडवूही नका. जुनी शाई बहुधा काजळ आणि डिंकाची. ती उडत नाही, पण पाण्याने विरघळते. ओल्या फडक्याने पुसलंत तर अक्षरच पुसलं जाईल. गठ्ठा तसाच सावलीत, वाऱ्याच्या खोलीत टिपकागदांमध्ये ठेवा. टिपकागद दर काही तासांनी बदला. पूर्ण वाळल्यावर कडेने पातळ बांबूची पट्टी सरकवत एकेक पान सुटं करा. जे सुटत नाही ते तसंच ठेवा. अर्धं फाटलेलं पान कोणाच्याच उपयोगाचं नाही. कोरडी बुरशी पडवीत, तोंडाला मास्क बांधून मऊ कुंचल्याने झाडावी.

कसरीवर डांबरगोळीचा भरवसा नको. वाळलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका. घाई केलीत तर गार कागदावर दव धरतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नंतर पुन:पुन्हा धुऊन खळ काढलेल्या पांढऱ्या मांजरपाटात बांधा. लाल बासन दिसायला छान, पण ओल लागली की रंग सोडतं. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी, दोन्ही वर्ज्य. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि दप्तर परत माळ्यावर तर नकोच.

प्रश्न: एका कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं आहे. हे कुठलं साल?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर: हा शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत अरबी अंकांनी लिहिलेली कालगणना. अरबी अंक उलटे मोजायचे: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे तुमचा कागद १७६०-६१ चा, पानिपताच्या वर्षाचा.

हिजरी समजून हिशेब केलात तर १७४८ येईल आणि बारा-तेरा वर्षांची चूक होईल. घोळ होतो कारण महिने मात्र हिजरीच असतात: ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे तारीख आणि रज्जब, साबान असा महिना.

संवत्सराचं नाव असेल तर ताळा पाहा. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी म्हणजे साठ संवत्सरांतल्या पहिल्या, प्रभवापासूनचा क्रमांक. तुमच्या कागदाच्या शके १६८२ ला बाकी १४ उरते, चौदावा संवत्सर विक्रम; १७६१ च्या पाडव्यानंतरचा कागद असेल तर पुढचा, वृष. तुमच्या कागदावर याहून दुसरंच नाव निघालं, तर आधी ‘सितैन’ पुन्हा वाचा. मोडीत ‘सितैन’ आणि ‘तिसैन’ची (९०) गल्लत झाली की तीस वर्षांचा फरक पडतो.