गुडघ्याचा झटका नॉर्मल, मग हात एवढा कडक का?

प्रश्न : माझ्या बाबांना चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. थरथर कमी आहे पण उजवा हात लाकडासारखा कडक झालाय, शर्टाच्या बाहीत घालतानासुद्धा त्रास होतो. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि रिफ्लेक्स नॉर्मल आहेत म्हणाले. मग कडकपणा येतो कुठून? आणि स्नायू सैल करायची गोळी द्या असं घरातले म्हणतायत, देऊ का?

उत्तर : ताई, गोळीचं आधी सांगते, ती देऊ नका. का ते पुढे येईलच.

हातोडी मारली की मांडीचा स्नायू ताणला जातो, तो निरोप नसेतून मज्जारज्जूत जातो आणि तिथूनच परत फिरतो, हे सगळं साधारण 20 ते 30 मिलिसेकंदांत होतं आणि त्यात मेंदूला विचारायचं कामच नसतं. पार्किन्सन्समध्ये हा छोटा रस्ता बहुतेक वेळा धडधाकट असतो, म्हणून बाबांचा झटका नॉर्मल आला. पण स्नायू ताणला की एक दुसरा, उशिराचा प्रतिसादही येतो, मनगटात बघितलं तर साधारण 50 मिलिसेकंदांनंतर, कारण तो मेंदूपर्यंत जाऊन परत येतो. टॅटन आणि ली या दोघांनी 1975 मध्ये दाखवलं की पार्किन्सन्समध्ये हा उशिराचा प्रतिसाद फार वाढलेला असतो. म्हणजे तुम्ही बाबांचा हात हळूच सरळ करायला जाता आणि त्यांचा स्नायू त्यांच्या नकळत उलटा जोर लावतो. ते मुद्दाम हात आखडतायत असं घरात कोणी म्हणत असेल तर प्लीज हे वाचून दाखवा.

मज्जारज्जूतही सगळं आलबेल असतंच असं नाही. स्नायूवर ताण वाढला की टेंडनमधले, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीतले, सेन्सर मज्जारज्जूला कळवतात आणि तिथल्या पेशी त्या स्नायूला ब्रेक लावतात. पार्किन्सन्सच्या ताठरपणात हा ब्रेक ढिला पडलेला असतो, बेल्जियमच्या डेलवेड यांच्या टीमने 1991 मध्ये हे मोजून दाखवलं. ब्रेक जागेवरच आहे, पण त्याला वरून मेंदूकडून जो हुकूम यायला हवा तो डोपामिन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, कमी पडल्यामुळे नीट येत नाही. मला स्वतःला एक जुना प्रयोग फार बोलका वाटतो, 1924 मध्ये वॉल्श नावाच्या डॉक्टरांनी अशा पेशंटच्या कडक स्नायूत बधिर करायचं औषध टोचलं आणि कडकपणा उतरला, म्हणजे स्नायूकडून जाणारा निरोप अडवला की ताठरपणा जातो, स्नायू काही आपोआप दगड झालेला नसतो.

आता गोळीचं. स्नायू सैल करायची बॅक्लोफेन नावाची गोळी मज्जारज्जूतले रिफ्लेक्स दाबते. लकव्यानंतर किंवा मणक्याला मार लागल्यावर जो कडकपणा येतो तिथे तिचा उपयोग होतो, कारण तिथे हातोडीचा झटकाच वाढलेला असतो आणि हात जितक्या वेगाने हलवाल तितका जास्त अडतो. बाबांचा हात हळू हलवा नाहीतर पटकन, सारखाच अडणार, मनगटात टक टक टक असं दातेरी चाकासारखं लागणार, आणि दुसऱ्या हाताची मूठ उघड-बंद करायला सांगितली की अजून वाढणार. दुखणंच वेगळं आहे. त्यांना ती गोळी दिली तर गुंगी, गोंधळ आणि पडण्याची भीती एवढंच पदरात पडेल.

प्रश्न : लेव्होडोपा घेतल्यावर दोन-अडीच तास हात मोकळा असतो आणि मग परत कडक. डोस मीच वाढवू का?

उत्तर : नाही दादा, स्वतःहून नको. लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन बनतं आणि वरून येणारा हुकूम परत सुरू होतो म्हणून हात सुटतो, पण रक्तात ते दीड तासातच साधारण निम्मं होतं, आणि आजार जुना झाला की मेंदूला डोपामिन साठवून ठेवता येत नाही. चार दिवस वहीत लिहा, गोळी किती वाजता, हात कधी सुटला, परत कधी आखडला, जेवण कधी. प्रोटीन जास्त असलेल्या जेवणासोबत गोळी घेतली तर दोघांची आत शिरायला चढाओढ होते आणि गोळी मागे पडते. वही बघून डॉक्टर डोस छोट्या भागांत वाटून देतील किंवा एन्टाकापोनसारखं जोड औषध देतील. गोळ्या अचानक बंद मात्र कधीच करू नका, ताप चढून शरीर इतकं कडक होतं की जिवावर बेततं. आणि उलटी किंवा चक्करसाठी कोणी मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन लिहून दिलं तर आजार सांगा, ही औषधं डोपामिन अडवतात आणि कडकपणा वाढवतात.

प्रश्न : डीबीएस ऑपरेशनने ताठरपणा जातो का?

उत्तर : डीबीएस म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून तिच्यातून हलका करंट देणं. बऱ्याच जणांचा ताठरपणा त्याने खूप कमी होतो. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर पेशंटचं मनगट हातात धरून फिरवत असतात, करंट सुरू केला की काही सेकंदांत मनगट सैल पडलेलं बोटांना कळतं, तार बरोबर जागी बसली की नाही हे त्यावरूनही ठरवतात. मघाशी सांगितलेला मज्जारज्जूचा ब्रेकसुद्धा हा करंट चालू असताना सुधारतो असं मोजमापात दिसलंय. पण ज्याला लेव्होडोपाने फरक पडतो त्यालाच साधारणपणे डीबीएसचा फायदा होतो, ते आधी तपासून घेतात.

एक राहिलं. खांदा वर्षानुवर्षं आखडून राहिला की स्नायू खरोखरच आखूड होतो, ते ना गोळीने जातं ना करंटने. त्यासाठी स्ट्रेचिंग लागतं, गोळी चढलेली असते त्या तासात आणि हळूहळू करायचं, झटके देऊन ओढायचं नाही.