शॉवरच्या काचेखालून पाणी झिरपतं

प्रश्न : म्हापशातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शॉवरला अॅल्युमिनियम फ्रेमची काच आहे. आतून दोनदा सिलिकॉन भरलं, तरी पाणी बाहेर येतंच. काय चुकतंय?

उत्तर : चूक आतून भरण्यातच आहे. फ्रेमच्या फटींतून थोडं पाणी फ्रेमच्या खालच्या पट्टीत शिरतंच. ते आतल्या बाजूने परत ट्रेमध्ये, म्हणजे शॉवरच्या तळात, उतरायला हवं. ती वाट बंद झाली की ते बाहेर झिरपतं. म्हणून सिलिकॉन फक्त बाहेरून लावा.

जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडा. त्यावर नवं धरतच नाही, बहुतेकांचं काम इथेच फसतं. मग स्पिरिटने पुसून फट किमान 24 तास सुकवा. गोव्याच्या पावसाळ्यात पंखा लावून दोन दिवस द्या, घाई नको. बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉनच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं धातूला आणि संगमरवराला मानवत नाही. दोन्हीकडे मास्किंग टेप लावा, नळीचं तोंड 45 अंशांत कापा, न थांबता एकच रेघ ओढा, बोटाने दाबा आणि टेप लगेच काढा. 24 तास शॉवर बंद.

पाणी दाराखालूनच येत असेल, तर तिथली पीव्हीसी पट्टी बदला. तिथे सिलिकॉनचा उपयोग नाही.