आधी स्लाइड बघ, मग कोड लिही

अगं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीतल्या (पॅप स्मिअर) पेशी चांगल्या की खराब ते ओळखणाऱ्या तुझ्या मॉडेलबद्दलचा मेसेज वाचला, "मॅडम ९८ टक्के आले!!" अचूकता छानच, पण पेढे वाटायची घाई नको. हर्लेवचा डेटा घेतलायस ना, डेन्मार्कचा, पेशींच्या फोटोंचा? त्यात ९१७ पेशी, त्यातल्या ६७५ खराब, म्हणजे मॉडेलने डोळे मिटून सगळ्यांना खराब म्हटलं तरी जवळपास ७४ टक्के फुकटात मिळतात. खऱ्या स्क्रीनिंगमध्ये उलटं, हजारो चांगल्या पेशींत चार-दोन वाईट, त्याही म्यूकसखाली (चिकट स्रावाखाली) नाहीतर न्यूट्रोफिलच्या (पांढऱ्या रक्तपेशींच्या) ढिगात दडलेल्या.

आता कन्फ्युजन मॅट्रिक्स (मॉडेलने कुठल्या पेशीला काय म्हटलं त्याचा तक्ता) उघड आणि कॉलम्नर, म्हणजे उभट पेशींची ओळ बघ. नॉर्मल असतात बिचाऱ्या, पण केंद्रक मोठं, म्हणून मॉडेल त्यांना सिव्हिअर डिस्प्लेसियात, म्हणजे गंभीर बिघाडाच्या गटात ढकलतं.

माझी स्वतःची चूकही सांगते, लाज वाटते तरी. सिपाकमेड नावाच्या दुसऱ्या डेटात ४०४९ पेशी आहेत पण त्या ९६६ फोटोंतून कापलेल्या, एका फोटोतल्या साधारण चार. मी सरळ पेशी शफल करून शिकवायच्या आणि तपासायच्या (ट्रेन-टेस्ट) अशा वाटल्या, मग एकाच फोटोतल्या पेशी दोन्हीकडे, तोच स्टेन (पेशींना दिलेला रंग) तोच उजेड, मॉडेल केंद्रक कुठलं शिकतंय, ते फोटो ओळखत होतं! फोटोप्रमाणे वाटणी केली आणि आकडा धाडकन खाली आला. तू हे आजच तपास.

आणि केंद्रकाचं क्षेत्रफळ पिक्सेलमध्ये मोजून त्यावर थ्रेशोल्ड (ठरावीक मर्यादा) लावू नकोस गं. सायटोटेक लोक (स्लाइड तपासणारे तंत्रज्ञ) त्याच स्लाइडवरच्या इंटरमीडिएट (मधल्या थरातल्या नॉर्मल) पेशीचं केंद्रक माप म्हणून धरतात, त्याच्या अडीच ते तीन पट भरलं तर एस्कस (संशयास्पद), तीन पटीच्या वर गेलं तर एलसिल (सौम्य बिघाड), अर्थात क्रोमॅटिन (केंद्रकातला डीएनएचा पसारा) आणि कडाही बघतातच. गंमत म्हणजे एचसिलचं (गंभीर बिघाडाचं) केंद्रक कित्येकदा एलसिलपेक्षा लहान असतं, सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचा भाग) आक्रसलेला म्हणून केंद्रकाचा त्याच्याशी रेशो चढतो, त्यामुळे "मोठं म्हणजे वाईट" एवढंच शिकलेलं मॉडेल नेमकं जास्त धोक्याचं सोडून देतं. गडद रंगावरून डीएनए जास्त असंही ठरवू नको, पॅप स्टेनमधलं हिमॅटॉक्झिलिन (केंद्रक रंगवणारा रंग) डीएनएच्या प्रमाणात चढत नाही, त्याला फॉयल्गेन हा वेगळा स्टेन लागतो.

तू विचारलंस की एचपीव्ही टेस्ट (या कॅन्सरला कारण असलेल्या विषाणूची तपासणी) आल्यावर हे काम उरणार का. आपल्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातला ट्रायल वाच, २००९ ला रिझल्ट छापून आले, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले आणि सायटोलॉजीच्या (स्लाइडवर पेशी बघण्याच्या) गटात तसा ठोस फरक दिसला नाही. मला तर वाटतं आपलं काम पहिल्या गाळणीचं नाहीच, एचपीव्ही पॉझिटिव्ह निघालेल्या बायकांपैकी कुणाला लगेच पुढे पाठवायचं ते ठरवायला मदत करायचं आहे, मग टेस्ट सेटही तशाच बायकांचा हवा ना?

शनिवारी दुपारी लॅबमध्ये ये. दोघांनी बघायचा मायक्रोस्कोप रिकामा असतो, आमच्या सायटोटेक ताई वीस स्लाइड काढून ठेवतील. लॅपटॉप नको आणू.