एफ-150 च्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2013 ची सेकंडहँड फोर्ड एफ-150, 1,10,000 मैल झालेले, आधीच्या मालकाने गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं याची नोंद नाही, गॅरेजवाला 'फ्लश' (यंत्राने जुनं ऑइल ढकलून काढून नवं भरणं) करा म्हणतोय आणि तुम्हाला वाटतंय की घरीच करावं. त्याच सहा गिअरच्या 6आर80 गिअरबॉक्सची 2012 ची गाडी माझ्याकडे दहा वर्षं आहे. तिचं ऑइल मी तीनदा स्वतः बदललंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पान्हा हातात घेण्याआधी गाडी तासभर नीट चालवा. गिअर बदलताना इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं होतंय का? हलक्या पायाने ताशी 40-50 मैलांवर जाताना हायवेच्या कडेच्या खाचांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते का? रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग दणका देते का? यातलं काही असेल तर घरी ऑइल बदलायला बसू नका. आधी एखाद्या ट्रान्समिशनवाल्याकडून निदान करून घ्या. थरथर कधीकधी ताज्या ऑइलने थांबतेही, पण गिअरबॉक्सच्या आतला घसरणारा क्लच ऑइलने बरा होत नाही. 'ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला' अशा ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यातले बरेच गिअरबॉक्स आधीच गेलेले असतात. लक्षणं दिसल्यावर लोक ऑइल बदलतात आणि दोष नव्या ऑइलवर येतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आजच करा. 2011 ते 2013 च्या सहा गिअरच्या सुमारे 14.8 लाख एफ-150 फोर्डने 2019 मध्ये रिकॉलमध्ये घेतल्या, म्हणजे दोष दुरुस्त करायला परत बोलावल्या. वेग मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल तुटला की चालती गाडी अचानक पहिल्या गिअरमध्ये पडू शकते, हे कारण. एनएचटीएसए या अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर तुमचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून हे काम झालंय का ते बघा. राहिलं असेल तर डीलर फुकट करून देतो. मुलांना मागे बसवून हायवेवर जाणार असाल तर हे ऑइलच्याही आधी.

गाडी नीट चालत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ऑइल बदला, फ्लश नको, पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची परात) उतरवून फिल्टरसकट करा. गाडीचं मॅन्युअल साध्या वापराला 1,50,000 मैलांनी बदला असं सांगतं, पण आधीच्या मालकाने ट्रेलर ओढला की नाही हे तुम्हाला माहीत नाही. पॅन उतरवला की ऑइलचा वास कळतो आणि पॅनमधल्या चुंबकावरचा गाळ डोळ्यांना दिसतो. राखाडी, मऊ मलई असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा बोटाला टोचणारा चुरा असेल तर तिथेच थांबा आणि जाणत्याला दाखवा. सांगलीला आमचे वडील ट्रॅक्टरचं ऑइल दोन बोटांत चोळून, हुंगून बघायचे. ती सवय मला इथे फार उपयोगी पडली.

पॅन उतरवून सगळं ऑइल निघत नाही. एकूण साधारण 13 क्वार्टपैकी (एक क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) पाच-सहाच बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये राहतं. म्हणून मी एकदा केल्यावर काही हजार मैलांनी पुन्हा करतो. दोनदा केलं की सुमारे दोन तृतीयांश ऑइल नवं होतं, तेवढं पुरतं. ऑइल फक्त मर्कॉन एलव्ही या प्रकारचं. दुकानात शेजारीच मर्कॉन यूएलव्ही असतं, ते 2017 पासूनच्या दहा गिअरवाल्या गिअरबॉक्सचं. यात ते चालत नाही.

आता खरी अडचण. नट खोलणं आणि फिल्टर ओढून काढणं कोणालाही जमेल. ठरवायचं असतं ते लेव्हल बरोबर करता येईल का यावर. या गाडीला बॉनेटखाली गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) नाही. भरायचं बूच खाली, पॅसेंजरच्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपजवळ आहे आणि छोटी डिपस्टिक त्या बुचालाच जोडलेली आहे. मोजायचं ते इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये, आधी प्रत्येक गिअर सावकाश फिरवून, आणि ऑइल 206 ते 215 अंश फॅरनहाइटला आल्यावर. म्हणजे उकळत्या पाण्याइतकं गरम ऑइल आणि शेजारी तापलेला पाइप. कोपरापर्यंतचे जाड हातमोजे हवेतच. तापमान अंदाजाने ठरवू नका, ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आणि फोरस्कॅन या अॅपवर बघा. थंड ऑइलवर लेव्हल बरोबर केलीत तर गरम झाल्यावर ते फुगून जास्त होतं, फेस येतो, आणि फेसाळलेल्या ऑइलचा दाब क्लचला पुरत नाही. कमी भरलं तर क्लच घसरून जळतात.

गाडी सपाट उभी हवी. पुढची चाकं रॅम्पवर चढवून घेतलेली लेव्हल खोटी असते. एफ-150 उंच आहे, बारीक माणूस न उचलताही खाली सरकू शकतो. उचलायचीच असेल तर चारही बाजू जॅक स्टँडवर घ्या, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका.

पहिल्या वेळी मी आधी पॅन उतरवला आणि नंतर भरायचं बूच उघडायला गेलो. ते गंजून घट्ट बसलं होतं. रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी दोन दिवस गॅरेजात अडकली आणि बायकोला कामावर जायला शेजाऱ्यांकडे गाडी मागावी लागली. म्हणून आधी भरायचं बूच सैल करा, मगच पॅनला हात लावा. पॅनच्या बोल्टना इंच-पाउंडवाला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पान्हा) वापरा. केसिंग अॅल्युमिनियमचं आहे, हाताच्या अंदाजाने आवळलंत तर आटे जातात. जुन्या फिल्टरचं सील वर भोकातच चिकटून राहिलं नाही ना, ते टॉर्च लावून बघा. निघालेलं ऑइल मोजून ठेवा आणि आधी तेवढंच भरा.

सपाट जागा, तापमान बघायची सोय आणि घाई नसलेला शनिवार, या तिन्ही गोष्टी असतील तर तुम्ही जरूर करा. भाड्याच्या घराच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर लीज आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी गाडीची दुरुस्ती चालत नाही. तसं असेल किंवा गाडीखाली जायला मनातून भीती वाटत असेल, तर गॅरेजवाल्याला सांगा: फ्लश नको, पॅन उतरवून फिल्टर बदल, मर्कॉन एलव्ही घाल आणि जुना फिल्टर व चुंबक मला दाखव. जो दाखवायला तयार होईल त्याच्याकडे गाडी द्या.